भावाच्या हाती मोट

माझं लग्न ठरलं त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या. एक, वैशाखात मला जिंतूरकडच्या एका गावी द्यायची. दुसरी, मी गेले की माझ्या भावाला देवाच्या दारी नेऊन सोडायचं. पहिली गोष्ट मला कुणी विचारली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती नीट ऐकलीही नाही. दुसरी ऐकली आणि माझ्या अंगाचा भडका उडाला.

देवाच्या दारी म्हणजे काय, ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. डोकं फिरलंय असं ज्यांच्याबद्दल लोक म्हणत, त्यांना तिथं मंडपाच्या खांबाला साखळीनं बांधून ठेवत. कुणी अंगारा लावी, कुणी घास टाकी. लहानपणी मायबापाबरोबर मी एकदा तिथं गेले होते. एका खांबापाशी एक बाई बसली होती. बैलाच्या मानेला जू घासून घट्टा पडतो ना, तसा घट्टा तिच्या घोट्याला पडला होता. ती मायकडं बघून हसली आणि तिनं पाणी मागितलं. मायनं पाणी दिलं.

माझा भाऊ माझ्याहून वर्षानं लहान. सोळाव्या वर्षीच दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागायची. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर बोलला. नजरेला नजर देत नसे. जेवायची पितळी रोज त्याच जागी पाहिजे, तांब्या उजवीकडंच पाहिजे, नाहीतर उपाशी उठायचा. कुणी अचानक धरलं की हात उगारायचा. आता याला स्वमग्न म्हणतात. हा शब्द मला माझ्या नातसुनेनं सांगितला, म्हातारपणी. आमच्या वेळी दोनच शब्द होते, येडा आणि देवाचा, आणि दोन्हीतून त्याला काय शिकवायचं ते कळत नव्हतं.

काका वाईट नव्हता. बाप तापानं गेल्यावर आम्हा तिघांना त्यानंच पोसलं, हे मी कबूल करते. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, निजामाचं राज्य गेलं होतं, पण आमच्या घरात हुकूम काकाचाच चालायचा. त्याला भीती पडली होती आणि ती खोटी नव्हती. भावाला लुगड्याच्या काठावरून बोट फिरवायची आवड होती. लहान होता तोवर बायका म्हणत, करू द्या लेकराला. त्या हिवाळ्यात त्यानं ओढ्यावर एका परक्या बाईच्या पदराचा काठ धरला. आता त्याला मिसरूड फुटलं होतं. तिचे दोन दीर काठ्या घेऊन आमच्या दारात आले. मी आडवी पडले म्हणून त्याचं डोकं शाबूत राहिलं.

"तू हाईस तवर ठीक हाय," काका म्हणाला. "तू गेल्यावर त्याचा जिम्मा कोन घेनार? एखांद्या दिशी कुनीतरी त्याला मारून टाकंल. त्यापरीस देवाच्या दारी जित्ता तरी ऱ्हाईल."

माझा स्वभाव पहिल्यापासून असा, आधी बोलायचं आणि मग विचार करायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, तो मोट हाकेल. आमचा सालगडी म्हातारा झाला होता. पाडव्याला त्याचं साल संपत होतं आणि तो मानवतला लेकीकडं जाऊन राहणार होता. काकाला नवा गडी बघायचाच होता. मी म्हटलं, बघू नका. घरात गडी आहे.

काका हसला. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणाला. पण मी हटले नाही, आणि मी हटत नाही हे त्याला माहीत होतं. शेवटी त्यानं शर्त घातली. पाडव्याच्या आदल्या दिवशी भावानं सकाळभर एकट्यानं मोट हाकून दाखवायची. बैल सलामत, मोट सलामत, कांदा आणि ऊस भिजलेला. मी मळ्यात पाय ठेवायचा नाही. जमलं तर तो घरी राहील, नाही जमलं तर माझ्या लग्नाआधीच त्याला पोचवून येऊ. मी मंजूर म्हटलं. हातात माघ आणि फाल्गुन, दोन महिने होते.

मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, चाकावरून जाड दोर, त्याला आम्ही नाडा म्हणतो. नाड्याच्या एका टोकाला चामड्याची मोट, दुसऱ्या टोकाला दोन बैल. बैल उतरणीवरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते आणि दगडी कुंडीत, म्हणजे थारोळ्यात, पाणी सांडते. मग बैलांनी त्याच उतरणीवरून मागं मागं सरकत विहिरीपर्यंत यायचं, म्हणजे रिकामी मोट खाली जाते. खाली जायला अक्कल लागत नाही. मागं यायला लागते. बैलाला पाठीमागची विहीर दिसत नाही. तो हाकणाऱ्याच्या भरवशावर मागं येतो, आणि हाकणारा चुकला तर बैल विहिरीत.

आणि अशा जागी मी माझ्या भावाला उभं करायला निघाले होते. माय म्हणाली, तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हटलं, साखळीपेक्षा विहीर बरी. बोलून गेले खरी, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

पहिली अडचण चाकाची. चाक फिरताना असं करकरायचं की भाऊ दोन्ही कान दाबून बांधाशी जाऊन बसायचा. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मी चुलीपाशी ठेवलेलं करडईचं तेल नेऊन चाकाच्या कण्याला पाजलं. चाक मुकं झालं आणि भाऊ बांधावरून उठून आला. घरी माय करवादली, आता फोडणीला काय घालू, माती? मी म्हटलं, माती घाल, आठ दिवस बिनफोडणीचं खाऊ.

मग बैल. बैलाजवळ तो जायचा, पण हाकायचं म्हणजे काय ते त्याला उमगेना. सांगून कळणारातला तो नव्हताच, करून दाखवावं लागे, तेही तुकड्या-तुकड्यानं. शेवटी मी नाड्याचा एक जुना तुकडा खांद्यावर घेतला आणि मीच बैल झाले. कासरा त्याच्या हाती दिला. उतरणीवरून खाली जायचे, मागं मागं वर यायचे. तो कासरा ओढेल तेवढंच. सोडला की थांबायचं. पायाची सालटी निघाली. राणीसावरगावच्या बाजाराला जाणारी माणसं वाटेवर थांबून बघत. एकजण म्हणाला, बैल लय गुणाचा गावलाय. मी म्हटलं, तुमच्या दावणीला असला एक तरी हाय का? तो गुमान चालता झाला. भाऊ हसला नाही, पण त्या दिवसापासून तो स्वतः होऊन कासरा हातात घ्यायला लागला.

फाल्गुन लागता लागता त्याच्या हाती खरे बैल आले, पांढरा आणि बांडा. सालगड्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा मोट हाकताना गाणं म्हणायचा, सगळेच म्हणतात. बैलांना त्याची सवय असते. भाऊ गाणार कुठून? म्हणून मी गायला लागले. मी खाली कांद्याच्या वाफ्यात पाणी वळवायची आणि तिथूनच मोठ्यानं म्हणायची. मोट चालली! थारोळं भरायला लागलं, पाटानं पाणी खळखळत आलं. काय सांगू, मी चिखलात उभी राहून रडले. घरी जाऊन मायला म्हटलं, झालं, शिकला. काकापुढं तर नाक वर करून हिंडायला लागले.

पाडव्याला अठरा-वीस दिवस राहिले असतील. मामा बांधावर बसून तंबाखू चोळत होता. मी पाणी प्यायला वर आले तेव्हा त्यानं मला जवळ बसवलं.

"पोरी," तो म्हणाला, "मोट त्यो न्हाई हाकायला. तूच हाकायलीस."

मला राग आला. मी म्हटलं, कासरा त्याच्या हातात आहे, मी तर तिकडं वाफ्यात. मामा म्हणाला, मग उद्या तोंड मिटून राहून बघ. आणि मग त्यानं समजावलं. बैल खाली पोचले की मी कडवं सुरू करते, मागं येऊन टेकले की संपवते. बैल माझ्या आवाजावर चालतात आणि भाऊही माझ्या आवाजावरच. मी लांबून बघते, मी ठरवते, मी थांबवते. तो नुसता दोरी धरून उभा.

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. कारण ते खरं होतं. दीड महिना मी भावाला मोट शिकवत नव्हते, त्याला माझ्याच गळ्याला बांधत होते, आणि तोच गळा मी वैशाखात जिंतूरकडं घेऊन जाणार होते.

दुसऱ्या दिवशी मी तोंडात पदराचा बोळा कोंबून बांधावर बसले. मामानं माझं मनगट धरून ठेवलं. बैल खाली गेले, पाणी सांडलं. मग सगळं थांबलं. गाणं आलं नाही. भाऊ उभा, बैल उभे. किती वेळ गेला देव जाणे. मग भावानं कासरा ओढला आणि बैल मागं यायला लागले, आले, आणि थांबेनात. एरवी मोट पाण्याला टेकली की चाकाची करकर बंद पडायची आणि बैल तिथंच थबकायचे. जन्मभर ते त्या आवाजावर थांबत आले होते. मी तेल घालून चाक मुकं केलं आणि त्याजागी माझं गाणं बसवलं. आता दोन्ही नव्हती. पांढऱ्याचा मागचा पाय विहिरीच्या कट्ट्याला लागला. एक दगड सुटून खाली गेला आणि पाण्यात पडल्याचा आवाज वर आला.

मी उठले. मामानं मला खाली ओढलं. त्या म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. तो पुटपुटला, आज वरडलीस तर जलमभर वरडावं लागंल.

भावानं कासरा सैल सोडला, जसा माझ्यासाठी सोडायचा तसा. बैल थांबले. वीतभर जागा राहिली होती. तो तसाच उभा राहिला, मान वाकडी करून, चाकाकडं बघत. मग त्यानं बैल पुढं घेतले. मोट वर आली, सांडली. आणि बैल मागं घेताना त्यानं तोंडानं आवाज काढला. कर्र, कर्र, कर्र. चाकाचाच आवाज, हुबेहूब. ज्या आवाजानं कान दाबून पळायचा तोच. नाडा ढिला पडून मोट पाण्याला टेकली तसा तो गप्प झाला, आणि बैल जागच्या जागी थबकले.

मामा हसत सुटला. काय आहे, दुसऱ्याचा आवाज आणि आपल्या तोंडचा आवाज यात फरक असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

राहिलं होतं थांबायचं. तो एकदा सुरू झाला की थांबत नसे, आणि बस कर म्हणायला मी नसणार होते. मी त्याला सावली दाखवली. चाकाच्या खांबाची सावली सकाळी लांब पडते आणि दिवस चढेल तशी आखडत जाते. ती आखडत थारोळ्याच्या काठाला आली की बैल सोडायचे. हे त्याला दोन दिवसांत पाठ झालं. सावली काठाला टेकली की तो अर्ध्यात नाडा सोडून जू उतरवायचा. मला वाटलं, आता कुठं काही राहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी उठून बघते तर आभाळ आलेलं.

चैत्राच्या तोंडावर कधी कधी येतं तसं, पाऊस नाही, नुसतं मळकट झाकण. सूर्य कुठं आहे तेही कळेना. काका आणि मामा भावाला घेऊन मळ्याकडं निघाले. पाटावर मामा राहणार होता. मी काकाला एवढंच सांगितलं, काहीही होऊ द्या, त्याला हातानं धरू नका. काका म्हणाला, मला शिकवू नको.

मी घरी राहिले. ज्वारी निवडायला घेतली आणि खडे पदरात नि ज्वारी बाहेर टाकत बसले. मायनं सूप काढून घेतलं. मग मी घराच्या माळवदावर चढले. तिथून मळा दिसायचा, पण विहीर निंबाआड. फक्त बैलांची डोकी दिसत, खाली जाताना आणि मागं येताना. येतायत, जातायत. येतायत, जातायत. दिवस किती वर आला ते मी अंदाजानंच बघत होते. सोडायची वेळ झाली. डोकी येतच होती. वेळ होऊन गेली. बांड्याची मान खाली पडायला लागली होती, एवढ्या लांबूनही कळत होतं. सावली नव्हती. सावली नव्हती म्हणजे त्याच्यासाठी वेळ झालीच नव्हती. आता काका उठणार, त्याचा दंड धरणार, आणि तो काकाला मारणार. काकाला मारल्यावर मग देवसुद्धा त्याला वाचवणार नव्हता.

शर्त गेली चुलीत. मी धावत सुटले. माय मागून हाका मारत होती.

मळ्यात कडब्याची गंजी होती, तिच्यामागं पोचले आणि तिथं मात्र मी थांबले. काका काठी घेऊन उभा होता. बस कर रं, बस कर, म्हणत होता, पण भावाच्या कानात शिरत नव्हतं. बांड्याच्या तोंडाला फेस आला होता. माझ्या एका हाकेनं तो थांबला असता. एका हाकेनं बैल वाचले असते, आणि काकाला म्हणायला मिळालं असतं, ही गेली की कोण हाक मारणार? मी दोन्ही हातांनी माझंच तोंड दाबून धरलं. काका दोन पावलं पुढं सरकला. त्याचा हात उचलला गेला, भावाच्या दंडापासून हातभर अंतरावर आला, आणि तिथंच राहिला. काकाही घाबरला होता. मोट वर आली, पाणी सांडलं. पुन्हा गेली, आली. या वेळी सांडताना वेगळाच आवाज झाला, जड, थपकन.

भाऊ थांबला.

त्यानं थारोळ्यात वाकून बघितलं. मोटेनं अर्धा गाळ आणला होता. विहीर तळाला गेली होती. उन्हाळ्यात जास्त उपसली की ती तळाला जाई, पण आम्ही त्याआधीच सोडायचो, म्हणून मी त्याला हे कधी दाखवलंच नव्हतं. त्यानं गाळात बोट घातलं, वासही घेतला. मग नाडा सोडला, जू उतरवलं, बैल निंबाखाली नेले आणि आधी बांड्याला पाणी दाखवलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. यातलं काहीच मी शिकवलेलं नव्हतं.

काकानं मागं वळून बघितलं. मी गंजीच्या बाहेर आले होते, मला कळलंही नव्हतं. त्याच्या लक्षात आलं की मी शर्त मोडली. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "आवाज तुजा न्हाई आला. मी ऐकायलो व्हतो."

मग घसा खाकरून मला म्हणाला, त्याला सांग, उद्या सण हाय, पर परवा दिस उगवायला उसाला पाणी धरायचं. मी खरंच सांगायला वळले. मामानं पाटातून फावडं आपटलं आणि माझ्याकडं बघितलं. घरातलं माणूस न् माणूस त्याच्याशी माझ्या तोंडून बोलायचं, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

"मला कामून सांगता?" मी म्हटलं. "गडी तिकडं हाय."

काका निंबाखाली गेला, भावापासून दोन हात लांब थांबला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "परवा उसाला पानी धरायचं. जमंल का?"

भावानं नाडा गोळा करता करता थारोळ्याकडं बोट केलं. "आदी गाळ," तो म्हणाला.

काकानं फावडं घेतलं आणि थारोळ्यात उतरला. भाऊ टोपलं घेऊन काठावर उभा राहिला. तो दाखवेल तिथून काका गाळ काढत होता. मामानं पाटाचं तोंड बंद केलं. मी थोडा वेळ तिथं उभी राहिले, पण माझ्याजोगं काही काम नव्हतं, मग घरी आले.

माय दारातच होती. काय झालं, म्हणाली. मी म्हटलं, झालं, तो राहतोय. आणि भिंतीला टेकून बसले आणि मोठमोठ्यानं रडायला लागले. दोन महिन्यांत मी एकदासुद्धा जिंतूरकडच्या त्या घराचा विचार केला नव्हता. तिथं किती माणसं आहेत, सासू कशी आहे, तो माणूस तरी कसा आहे, मी काहीच विचारलं नव्हतं. मायनं माझं डोकं मांडीवर घेतलं. रडू नको, म्हणाली, त्याचं आता नीट झालं ना.

"त्याचं न्हाई गं माय," मी म्हटलं. "माजं. मला भ्याव वाटायलंय."